सहावे कार्ड

परीक्षक अकराला येणार होते आणि ते पावणेअकरालाच आले, तेव्हाच कात्रीने पर्स जवळ ओढून घेतली. वेळेआधी येणारी माणसे काहीतरी हुडकायला येतात, असा तिचा आजवरचा अनुभव.

कात्री हे काही तिचे खरे नाव नव्हे. शब्दकोशाच्या कार्यालयात तिला बावीस वर्षे झाली होती. दुसऱ्याने पानभर लिहिलेला अर्थ ती दीड ओळीत आणून ठेवी, म्हणून हे नाव पडले आणि चिकटले. आता टपाल घेऊन येणारा माणूसही तेच नाव घेई. तिचे वडील म्हणजे अप्पा, कोशाचे मुख्य संपादक. इंग्रजी शब्द घ्यायचा, त्याचे सगळे अर्थ आणि तो मुळात कुठून आला याची हकीकत आपल्या भाषेत द्यायची, असे हे काम. पस्तीस वर्षांत अकरा अक्षरे छापून झाली होती. बारावे अक्षर एल. ते खालच्या मजल्यावरच्या छापखान्यात यंत्रावर चढून बसले होते. एक वाजता यंत्र सुरू व्हायचे होते आणि त्याआधी प्रत्येक अक्षर तपासणाऱ्या परीक्षकांची सही हवी होती.

बाकी सगळे ठीक होते. ठीक नव्हती ती एकच गोष्ट, आणि ती कात्रीच्या पर्समध्ये, आतल्या चेन लावलेल्या कप्प्यात होती.

कार्यालय म्हणजे दोन खोल्या आणि चारी भिंतींना छतापर्यंत लाकडी खण. एका शब्दाला एक खाकी पाकीट, आणि एका अर्थाला एक कार्ड. कार्डाखाली दोन सह्या. पहिली लिहिणाऱ्याची. दुसरी, ज्याने तो अर्थ मूळ पुस्तकात किंवा कागदात स्वतःच्या डोळ्यांनी वाचला त्याची, आणि तिच्याखाली एक शब्द: पाहिले. देवाला न मानणारे अप्पा या 'पाहिले'ला मानत. कोणी ऐकले, कोणी सांगितले, असे त्यांच्यापुढे चालत नसे. एकदा एका मोठ्या विद्वानाने फोनवर शपथेवर सांगितले की अमुक अर्थ मी वाचलाय. अप्पा म्हणाले, "फारच छान. मग या आणि सही करा," आणि फोन ठेवला. ते गृहस्थ खरेच आले बिचारे, आगगाडीने सात तास प्रवास करून.

दुसरी सही राहिलेली कार्डे अक्षर छापायला जाण्याआधी अप्पांच्या टेबलावर जात आणि मूळ हाती लागेपर्यंत अप्पा कोणाला सुखाने जेवू देत नसत. शिवाय प्रत्येक पाकिटावर आत किती कार्डे आहेत तो आकडा ते स्वतः लाल पेन्सिलीने लिहीत. कार्ड हरवले तर त्या खणाची किल्ली ज्याच्याकडे असेल त्याने ती टेबलावर ठेवायची आणि कार्ड सांभाळण्याचे काम सोडायचे. पस्तीस वर्षांत हे एकदाच झाले होते. तो माणूस अप्पांचा सख्खा चुलतभाऊ होता. तेव्हापासून दोन्ही घरांचे जाणे-येणे बंद आहे.

एलच्या खणांची किल्ली मुद्रितशोधकांकडे असे. प्रुफे वाचून वाचून चष्म्याचा नंबर इतका वाढला होता की सगळे त्यांना भिंगकाका म्हणत. बायको जाऊन नऊ वर्षे झालेली, मूलबाळ नाही. एक खोली, एक स्टोव्ह आणि हे कार्यालय, एवढाच त्यांचा संसार. कात्रीकडे मात्र सगळ्या खणांच्या किल्ल्यांचा जुडगा होता. संपादकांची मुलगी म्हणून नव्हे, तिच्या हातून कधी चूक होत नाही म्हणून. निदान सगळे तसे समजत.

"बसा, बसा," अप्पा परीक्षकांना म्हणाले. "चहा घेणार ना?"

"आत्ताच घेतला, अप्पा. तुम्हीच तर दिलात."

"हो का? मग अर्धा घ्या."

कात्रीने पटकन प्रुफांचा गठ्ठा मध्ये सरकवला. परीक्षक उंच, किडकिडीत, बोलण्यात सौम्य आणि नजरेने कावळा. त्यांनी आधीच आठवडाभर प्रुफे वाचली होती आणि बारा-तेरा ठिकाणी कागदाच्या पट्ट्या खोचून आणल्या होत्या. एकेक पट्टी निघू लागली. कुठे स्वल्पविराम, कुठे वर्ष. अप्पा धडाधड उत्तरे देत होते. जुने सगळे त्यांना मुखोद्गत होते. गडबड व्हायची ती सकाळी काय झाले, काल कोण आले होते, यात. कात्री त्यांच्या खुर्चीला खेटून उभी होती आणि त्यांचे प्रत्येक वाक्य शेवटापर्यंत कान देऊन ऐकत होती.

सातवी पट्टी निघाली. परीक्षक म्हणाले, "लॅक्यूना."

कात्रीने पर्स काखेत घट्ट धरली.

"हा शब्द काय सुंदर आहे!" अप्पा खुर्चीत पुढे सरकले. "मूळ लॅटिन. अर्थ काय, तर खड्डा. पाणी साचलेला खड्डा, डबकं. तळ्याला इंग्रजीत जो शब्द आहे तो याच घराण्यातला. किनाऱ्याशी वाळूआड जे उथळ पाणी अडकतं, त्याचं नावही याचंच भावंड. मग कोणा पंडिताच्या हाती जुनी पोथी आली असेल. मधल्या ओळी वाळवीने खाल्लेल्या. त्याने त्या भोकाला हाच शब्द लावला. वाचता वाचता पाय खड्ड्यात गेला म्हणायचं! तिथून शब्द वकिलांकडे गेला. कायद्यात जी गोष्ट सांगायची राहून गेली, ती लॅक्यूना. मग हाडाचा अभ्यास करणारे आले. हाडात बारीक पोकळ्या असतात, त्यांत जिवंत पेशी बसलेली असते, त्या पोकळीलाही हेच नाव. म्हणजे बघा, पाण्याने भरलेली जागा होती ती शेवटी रिकाम्या जागेचं नाव होऊन बसली."

भिंगकाका कोपऱ्यातून कौतुकाने बघत होते. हे सगळे त्यांनी वीस वेळा ऐकले असेल. कात्रीलाही क्षणभर वाटले, काही झालेले नाही, अप्पा आहेत तसेच आहेत.

"आणि मेंदूचा अर्थ?" परीक्षकांनी विचारले.

"मेंदूचा?"

"माझा मेहुणा डॉक्टर आहे. त्यांच्या तपासणीच्या कागदांत हा शब्द सर्रास येतो म्हणे. मेंदूतल्या एखाद्या बारीक नसेतून रक्त पोचलं नाही की तेवढा भाग मरतो आणि तिथे छोटीशी पोकळी राहते. ती लॅक्यूना. अशा पोकळ्या वाढल्या की माणसाचं विसरणं वाढतं. हा अर्थ तुमच्याकडून सुटलाय."

"सुटला नाही," अप्पा ताडकन म्हणाले. "ते कार्ड मी स्वतः लिहिलंय. आठ-नऊ वर्षं झाली. एका डॉक्टरांकडून ऐकलं होतं, म्हणून दुसरी सही राहिली होती. भिंग, पाकीट आणा."

चार महिन्यांपूर्वीची गोष्ट. अप्पा एकच कार्ड दिवसात तीनदा लिहू लागले, तेव्हा कात्री त्यांना तपासायला घेऊन गेली होती. अहवाल तिने दवाखान्याच्या व्हरांड्यात उभ्यानेच वाचला. सातव्या ओळीत तो शब्द होता, अनेकवचनी. डॉक्टर समजावू लागले, तर ती म्हणाली, "शब्द मला माहीत आहे." तो शब्द तिला डॉक्टरांपेक्षा जास्त माहीत होता हीच तर पंचाईत होती. घरी येऊन तिने अप्पांना सांगितले, "वयाचं आहे म्हणतात. झोप पुरेशी घ्या." अप्पांनी मान डोलावली. त्यानंतर पंधरा दिवसांनी दुसरी सही राहिलेली एलची कार्डे अप्पांच्या टेबलावर जायची होती. त्यात हे कार्ड होते. अप्पा ते वाचणार, मूळ शोधायला वैद्यकीय पुस्तके मागवणार, त्यांतली लक्षणे एकेक करून वाचणार, आणि मग त्यांना कोणी काही सांगायची गरज उरणार नव्हती. एका दुपारी सगळे जेवायला गेलेले असताना तिने खण उघडला आणि कार्ड काढून घेतले.

पाकिटावरचा सहाचा आकडा पुसून पाच करायला एक खोडरबर पुरले असते. तिने खोडरबर हातात घेतलेही होते. पण ते अप्पांचे अक्षर होते. हात चालला नाही.

भिंगकाकांनी पाकीट आणले. परीक्षकांनी कार्डे पत्त्यांसारखी टेबलावर मांडली. एक, दोन, तीन, चार, पाच. मग पाकीट उलटे करून झटकले. मग पाकिटावरचा आकडा बघितला आणि तो अप्पांपुढे धरला.

खालून छापखान्यातल्या माणसांचे बोलणे ऐकू येत होते. भिंतीवरच्या घड्याळात बारा वाजून दहा मिनिटे झाली होती.

"मी मोजून ठेवली होती," भिंगकाका म्हणाले. "अप्पा, पावसाळ्याआधी सगळा खण मी मोजलाय. सहा होती."

"आता पाच आहेत."

"हो."

"किल्ली तुमच्याकडे असते."

"हो."

अप्पांचा चेहरा पांढरा पडला होता. एकतीस वर्षांचा सोबती समोर उभा होता. पण त्यांनी नियम करताना सोबत्यांसाठी वेगळा केला नव्हता. त्यांनी नुसता हात टेबलाकडे केला. भिंगकाकांनी किल्ली बांधलेल्या कमरेच्या दोऱ्याची गाठ सोडायला घेतली. गाठ सुटेना. परीक्षक खिडकीबाहेर बघू लागले.

कात्रीच्या मनात काय काय येऊन गेले! उद्या काकांची समजूत काढता येईल. अप्पा उद्यापर्यंत हे विसरूनही जातील. हो, हेही तिच्या मनात आले, आणि ते आले त्याची तिला इतकी लाज वाटली की ती बोलून मोकळी झाली.

"काका, थांबा. कार्ड मी घेतलंय."

"तू?" अप्पा म्हणाले. "कशाला? कामासाठी?"

"लपवायला."

अप्पांना आधी अर्थच लागला नाही. मग लागला तेव्हा ते उठून उभे राहिले. आयुष्यात त्यांनी मुलीवर हात उगारला नव्हता, तो आज उगारतात की काय असे वाटले. "बावीस वर्षं! बावीस वर्षं तुला शिकवलं ते हे? वाळवी परवडली. तिला निदान वाचता येत नाही!"

कात्रीला हसू आणि रडू एकदम आले. तिने पर्सची चेन उघडली आणि कार्ड टेबलावर ठेवले. कड थोडी दुमडली होती. अप्पांनी ती आधी नखाने सरळ केली आणि मग वाचले. खाली त्यांची पहिली सही होती. दुसऱ्या सहीची जागा कोरी होती.

त्यांनी त्या कोऱ्या जागेवर बोट ठेवले. मग एकदम शांत आवाजात म्हणाले, "मूळ कुठंय?"

"अप्पा, आपण घरी गेल्यावर बोलू."

"तुझ्याकडे आहे. नसतं तर एवढ्यासाठी तू कार्डाला हात लावला नसतास. मी ओळखतो तुला. आण."

परीक्षक उठू लागले. अप्पा म्हणाले, "बसा. तुम्हाला मूळ बघायचंय ना?"

तिने पर्समधूनच अहवाल काढून दिला. घडी चार महिन्यांची, कोपऱ्यांवर मळलेली. अप्पांनी तो टेबलावर सपाट केला, भिंगकाकांकडे हात केला, आणि काकांनी आपले भिंग त्यांच्या हातात ठेवले. वरचे नाव त्यांनी वाचले. ते स्वतःचेच. वय वाचले. मग एकेक ओळ, नवशिका वाचतो तशी, बोट ठेवून. सातव्या ओळीवर बोट थांबले. अप्पांनी पेन्सिल उचलली आणि इतकी वर्षे प्रत्येक मुळात करत आले तसे त्या शब्दाखाली बारीक, सरळ रेघ ओढली.

"काहीतरी उणं पडतंय हे मला कळत होतं गं," ते म्हणाले. "सकाळी बूट घालून मी जिन्यात उभा राहतो. कुठे निघालो ते आठवत नाही. मला वाटायचं मी आळशी झालो. मेल्याला शिस्त राहिली नाही, असं स्वतःला म्हणायचो. एवढंसं सांगितलं असतंस, तर चार महिने स्वतःला शिव्या तरी घातल्या नसत्या."

कात्रीच्या डोळ्यांतून पाणी वाहू लागले. हे तिच्या ध्यानीमनीही आले नव्हते. तिला वाटत होते, ती त्यांना वाचवते आहे.

"आजार लपवलास तो बापापासून," अप्पा म्हणाले. "ते बापलेकीत काय ते बघू. पण कार्ड लपवलंस ते वाचणाऱ्यापासून. कोणाचा बाप आजारी आहे, हे त्याला कुठे माहीत? तो शब्द शोधायला येईल आणि तिथे काही नसेल."

त्यांनी कार्ड पुढे ओढले. कोऱ्या जागेत सही केली. सही वाकडी आली नाही. खाली लिहिले, पाहिले, आणि तारीख घातली. तारीख मात्र त्यांना परीक्षकांना विचारावी लागली. परीक्षकांनी ती सांगितली आणि ते चष्मा काढून उगाच पुसत बसले.

"जुडगा," अप्पा म्हणाले.

कात्रीने किल्ल्यांचा जुडगा टेबलावर ठेवला. अप्पांनी तो भिंगकाकांपुढे सरकवला. काका घेईनात. "अप्पा, अहो, पोरीनं तुमच्यासाठी—"

"घ्या."

काकांनी घेतला. अप्पांनी अहवाल घडी करून कार्डाला टाचला आणि सगळे पाकिटात ठेवले. मूळ कार्डापाशीच राहायला हवे. मेंदूचा अर्थ दीड ओळीत बसवायचे काम मात्र कात्रीलाच करावे लागले, कारण तसे दुसऱ्या कोणाला जमत नव्हते. दीड वाजता परीक्षकांनी सही केली आणि यंत्र सुरू झाले. टेबलावरच्या कपबशा किणकिणू लागल्या. घरी जाताना जिन्यात अप्पांनी तिचा दंड धरला तो दारापर्यंत सोडला नाही.

दुसऱ्या दिवशी अप्पा नेहमीप्रमाणे नऊला टेबलाशी बसले. एमचे काम सुरू करायचे होते. कात्री समोर रिकाम्या हातांनी बसलेली बघून त्यांनी चष्म्यावरून पाहिले.

"अगं, बसलीस काय? पहिला खण उघड की. जुडगा कुठंय तुझा?"

कात्रीने भिंगकाकांकडे पाहिले. काकांनी अप्पांकडे पाहिले. अप्पा गंमत करत नव्हते. त्यांच्या चेहऱ्यावर कालचे काहीच नव्हते. राग नव्हता आणि दुःखही नव्हते. चार महिन्यांत प्रथमच त्यांना रात्री गाढ झोप लागली होती आणि ते ताजेतवाने दिसत होते.

टेबलाखालून काकांचा हात पुढे आला. त्यात जुडगा होता. "घ्या ताई," ते पुटपुटले. "त्यांना नाही आठवत. मी काही बोलणार नाही. कशाला पुन्हा त्यांच्या जिवाला घोर?"

जुडगा तिच्या गुडघ्याला लागत होता. तो घेतला की सगळे पहिल्यासारखे होणार होते. काल झालेच नव्हते असे म्हणायला जगात एक माणूस तयार होता आणि दुसऱ्याला ते ठाऊकच नव्हते. परीक्षक काही परत येणार नव्हते. तिने हात खाली नेला, आणि काकांची मूठ त्यांच्याच बोटांनी बंद केली.

"अप्पा," ती म्हणाली, "जुडगा माझ्याकडे नाही. काल तुम्ही तो माझ्याकडून काढून घेतलात."

"मी? का बरं?"

तिने सांगितले. पहिल्यापासून सगळे सांगितले. कार्ड, अहवाल, तो शब्द. काल एकदा सांगताना जेवढे जड गेले त्यापेक्षा आज जास्त गेले, कारण तोच चेहरा तिच्या डोळ्यांदेखत पुन्हा पांढरा पडला. अप्पांनी ऐकून घेतले. मग त्यांनी तेच विचारले जे ते विचारणार हे तिला ठाऊक होते.

"मूळ दाखव."

भिंगकाकांनी खण उघडून पाकीट आणले. अप्पांनी कार्डे मोजली. सहा. सहाव्याला अहवाल टाचलेला होता. त्यांनी तो उलगडला, वरचे नाव वाचले, आणि भिंग सातव्या ओळीपर्यंत नेले. तिथे शब्दाखाली पेन्सिलीची बारीक, सरळ रेघ आधीच होती. ते थबकले. कार्ड उचलून डोळ्यांजवळ नेले. सही होती, खाली कालची तारीख होती, आणि तो शब्द होता: पाहिले.

"ही सही माझी आहे," अप्पा म्हणाले.

"हो."

"म्हणजे मी पाहिलंय."

"हो, अप्पा."

ते कार्ड हातात धरून बसून राहिले. अंगठा सहीवरून फिरवत राहिले. कात्रीला वाटले आता ते रडतील, पण ते रडले नाहीत. थोड्या वेळाने त्यांनी सगळे पुन्हा पाकिटात घातले आणि पाकीट काकांकडे दिले.

"मग जुडगा भिंगांकडेच राहू दे," ते म्हणाले. मग जरा थांबून, "बाळ, उद्याही मी विचारीन का गं?"

"विचाराल बहुतेक."

"मग उद्याही सांग. असंच. मूळ समोर ठेवून."

"सांगेन," कात्री म्हणाली, आणि भिंगकाकांना एमचा पहिला खण उघडून द्यायला सांगितले.